तयार टेम्प्लेट न वापरता कागदाचं रेल्वे इंजिन स्वतः डिझाईन करून कसं बनवायचं?

तुम्ही विचारलंय की नेटवरची तयार टेम्प्लेटं न घेता शून्यापासून इंजिन बनवायचंय, ते वाफेचं असावं की डिझेलचं, मापं कुठून आणायची आणि कागद कोणता. मी कुपवाडच्या एमआयडीसीत शीट मेटलचं ड्राफ्टिंग करते. घर मिरजेत, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे दिवसभर पत्र्याची डेव्हलपमेंट, म्हणजे वाकवायच्या आकाराचा उलगडलेला सपाट नकाशा, काढायची आणि रात्री तेच गणित कागदावर, असं गेली काही वर्षं चाललंय.

पहिलं इंजिन वाफेचं करू नका. माथेरानचं ते बुटकं इंजिन करायचा मोह मलाही होता. पण बॉयलर म्हणजे नळकांडं, त्यावर घुमट बसतो आणि दोघांच्या सांध्याची रेघ सरळ नसते, ती लाटेसारखी वर-खाली जाते. आयटीआयच्या ड्रॉइंगच्या तासाला ज्यावर मुलं अडतात तेच हे. शिवाय दांडे, क्रँक, पिस्टन. हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

पहिल्यासाठी डब्ल्यूडीएम-२ घ्या. रेल्वेवेडे ज्याला नुसतं ‘अल्को’ म्हणतात ते. नावातला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्ही ओढणारं. १९६२ साली अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून पहिली इंजिनं आली आणि १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. पुणे-मिरज मार्गावर माझं सगळं लहानपण याच इंजिनाच्या धडधडीत गेलं, हे एक कारण. खरं कारण असं की ते म्हणजे फ्रेमवर ठेवलेली तीन खोकी: लांब हूड, केबिन, आखूड हूड. हूड म्हणजे आतल्या यंत्रांवरचं पत्र्याचं खोकं. केबिन पूर्ण रुंदीची आणि हूड अरुंद, म्हणून दोन्ही बाजूंना चालायला पट्टी. एवढं लक्षात आलं की निम्मं डिझाईन डोक्यात झालं.

मापं अशी: बफरपासून बफरपर्यंत १७,१२० मिमी, फ्रेमची लांबी १५,८६२, रुंदी २,८६४, रुळापासून उंची ४,१८५, चाकाचा व्यास १,०९२. आता स्केल. मॉडेलवाल्यांचं लाडकं १:८७ घेतलं तर इंजिन जेमतेम २० सेंटीमीटरचं होतं आणि कठड्याचे दांडे केसाएवढे. १:५० घेतलं तर फ्रेम ३१७ मिमी, म्हणजे ए४ कागदाच्या बाहेर, मधोमध सांधा आला. मी १:६० घेतलं. फ्रेम २६४ मिमी, ए४ च्या २९७ मध्ये चिकटपट्ट्यांसकट बसते. रुंदी ४७.७, उंची ६९.८, चाक १८.२. रुळांमधलं अंतर आपल्याकडे १,६७६, म्हणजे मॉडेलवर २८ मिमी.

बाकीची मापं फोटोवरून काढावी लागतात. लांब उभं राहून, झूम करून, अगदी बाजूने घेतलेला फोटो हवा. जवळून घेतलेल्या फोटोत इंजिनाचं एक टोक फुगतं आणि मग सगळंच चुकतं. प्रिंटवर चाक १३ मिमी भरलं तर १ मिमी म्हणजे प्रत्यक्षात ८४ मिमी. खिडकी ८ मिमी भरली, तर ती ६७२ मिमीची, आपल्या मॉडेलवर ११.२. पण एक सांगते, चाकावरून स्केल काढू नका. तेरा मिलिमीटरमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते आणि ती थेट चार टक्क्यांची. बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा तीन आसांचा चाकांचा गाडा. तिच्या पहिल्या आणि तिसऱ्या आसातलं अंतर ३,८१० मिमी आहे, ते धरा. मोठ्या मापात तीच चूक लहान होते. फोटोसाठी रुळांत मात्र उतरू नका, फलाटावरून किंवा ओव्हरब्रिजवरून काढा. दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात अल्कोकडून आलेलं १८०४० क्रमांकाचं इंजिन आहे, त्याच्याभोवती निवांत फिरता येतं.

बोगीवरून आठवलं. तीन आस आहेत म्हणून नवखा माणूस मधला आस बरोबर मध्यावर काढतो. तो मध्यावर नाही. या बोगीत दोन अंतरं असमान आहेत. ते सारखं काढलं की रेल्वे बघणारा माणूस मॉडेल हातात घेतो, ‘छान झालंय’ म्हणतो, पण काहीतरी खटकतंय हे त्याच्या तोंडावर दिसतं. फोटो समोर ठेवूनच आस काढा.

आता मुख्य गोष्ट. सगळे जण आधी बाहेरचं अंग काढतात, रंग, पट्टे, नंबर. मग ते घडी घालून उभं करतात आणि खोकं पिळवटतं. उलट करा. आधी सांगाडा काढा: तळाला ग्रे बोर्डाची, म्हणजे जाड करड्या पुठ्ठ्याची, एक लांब पट्टी, वर मधोमध उभी कण्याची पट्टी आणि तिला खाचा पाडून आडवे बसणारे पडदे. दर ३०-३५ मिमीवर एक पडदा पुरे. पडद्याचा आकार म्हणजे हूडचा आडवा छेद. पण बाहेरच्या मापाचा नव्हे. वरचं कार्ड ०.३ मिमी जाड असेल तर दोन्ही बाजूंचं मिळून ०.६ मिमी आतून वजा.

माझं पहिलं हूड इथेच फसलं. छताच्या दोन्ही कडा गोल आहेत, मी ती गोलाई ५ मिमी त्रिज्येची धरली. उलगडून सपाट काढताना मात्र कोपरा काटकोनातच असल्यासारखी मोजणी केली, पाच वर आणि पाच खाली, झाले दहा. गोल कडेला लागतो पाव वर्तुळाचा कंस, म्हणजे ७.८५. दोन्ही बाजूंचे मिळून ४.३ मिमी कार्ड जास्त झालं. सांगाड्यावर चढवलं तर छत उशीच्या खोळीसारखं सैल. आणि हे अशा बाईचं, जिला बेंड अलाउन्स, म्हणजे वाकवलेल्या जागी किती पत्रा लागतो ते, काढायचाच पगार मिळतो! त्या दिवसापासून घरी कोणी ‘किती बारकाईचं काम करतेस’ म्हणालं की मी विषय बदलते.

म्हणून रंगीत छपाईच्या आधी साध्या पांढऱ्या कार्डाचं एक पूर्ण इंजिन जोडा. चुका त्याच्यावरच पेनने लिहा: ‘इथे १ कमी’, ‘पट्टी आडवी येते’. माझ्या पांढऱ्या इंजिनावर अशा एकोणीस सूचना होत्या.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर पेपाकुरा त्रिमितीय आकार उलगडून देतं, पण सांधा कुठे यावा हे त्याला कळत नाही. तो नेमका इंजिनाच्या तोंडावर आणून ठेवतं. मग सांधे हलवत बसायचं. खोकीच करायची असतील तर ग्राफ पेपरवर पेन्सिलने काढा आणि नंतर इंकस्केपमध्ये गिरवा, ते फुकट आहे. सांधे नेहमी तळाला नाहीतर पट्ट्याच्या रेषेवर लपवा.

अंगासाठी २०० ते २५० जीएसएमचं (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) आयव्हरी कार्ड, सांगाड्याला १ मिमी ग्रे बोर्ड, बारीक जाळ्यांना साधा ८० जीएसएम. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात सगळं मिळेल. कार्डाला ग्रेन असते, एका दिशेने ते सहज वाकतं, दुसऱ्या दिशेने कुरकुरतं. छताची गोलाई सहज वाकणाऱ्या दिशेने येईल असं पान मांडा. घडीच्या रेषेवर आधी संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून दाबून ओढा. इंकजेटची प्रिंट फेविकॉलच्या ओल्या बोटाने पसरते आणि लेझरची घडीवर तडकते. मी लेझर घेते आणि तडकलेल्या रेषा रंगीत पेन्सिलने झाकते. कापलेल्या प्रत्येक कडेलाही जोडण्याआधी रंग फिरवायचा, नाहीतर इंजिनाच्या कडेकडेने पांढरी किनार दिसते.

फेविकॉल काडीच्या टोकावर येईल एवढाच. त्यात पाणी असतं, जास्त झाला की कार्ड फुगतं. ग्रे बोर्डाच्या एका बाजूला कागद चिकटवलात तर वाळताना तो धनुष्यासारखा वाकणार, म्हणून दोन्ही बाजूंना कागद लावा. आणि पावसाळ्यात फ्रेम करायला घेऊ नका. जुलैत केलेली माझी फ्रेम दिवाळीपर्यंत केळ्याच्या आकाराची झाली होती.

चाकं ग्रे बोर्डाच्या चकत्या एकावर एक चिकटवून करा, कडेवर सुपरग्लू मुरू द्या, मग पॉलिश पेपरने घासा. लाकडासारखी कडक होतात. कठड्याचे दांडे कागदाचे करू नका, ते लोंबतात. शिवणाचा जाड दोरा पातळ फेविकॉलमध्ये बुडवून दोन टाचण्यांमध्ये ताणून वाळवला की तारेसारखा उभा राहतो. हूडवरच्या जाळ्यांसाठी कार्डाच्या मागून सुक्या रिफिलने ओळीने रेघा दाबा, पुढून उठाव येतो. तिरका उजेड पडला की छापलेल्या रेघांपेक्षा हे किती तरी खरं वाटतं. काचांना ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं पान. दोन बोगींच्या मध्ये डिझेलची टाकी आहे, तिच्यात चार-पाच लोखंडी वॉशर चिकटवून टाका, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने इंजिन चालायला लागतं.

रंग लोको शेडप्रमाणे, म्हणजे इंजिन ज्या आगाराचं असतं त्याप्रमाणे, बदलतात, एकाच शेडमध्येही वर्षागणिक बदलतात. तेव्हा एकाच नंबराच्या इंजिनाचा फोटो धरा आणि त्याच्याशी इमान राखा, दोघांची मिसळ करू नका.

रोज रात्री तासभर दिला तर महिना-दीड महिना लागेल, त्यातला निम्मा त्या पांढऱ्या इंजिनात. माझ्या शेवटच्या मॉडेलचं आखूड हूड अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकलंय. कपाटात ती बाजू मी भिंतीकडे करून ठेवली आहे.