जुन्या कब कॅडेट १२२ ला मीटर बसवायचे, पण कोणते?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पेनसिल्व्हेनियात लिलावात कब कॅडेट १२२ हा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर घेतलाय, साठच्या दशकातला. इंजिन मूळचंच, कोहलर के-३०१, बारा हॉर्सपॉवर, आणि चालू आहे. त्याला ऑइल प्रेशर, पाण्याचं टेंपरेचर आणि अँपिअर असा तीन मीटरचा तयार संच लावायचा विचार आहे, कारण गावी वडिलांच्या बी-२७५ चे काटे बघत बघत तुम्ही ट्रॅक्टर शिकलात. डॅश मात्र खराब करायचा नाही.

आधी स्पष्ट सांगतो, संच मागवला नसेल तर मागवू नका. तीनपैकी दोन मीटरना या इंजिनात मोजायला काही नाहीच.

दोन्ही ट्रॅक्टर एका अर्थी भाऊबंद. बी-२७५ हे डिझाइन इंटरनॅशनल हार्वेस्टरचं, १९६३ साली महिंद्रांबरोबर भागीदारी झाली आणि ते आपल्याकडे बनू लागलं. कब कॅडेटही हार्वेस्टरचाच, केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यातला. पण बी-२७५ म्हणजे पाण्यावर थंड होणारं, ऑइल पंप असलेलं चार सिलिंडरचं डिझेल. तुमचं के-३०१ एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं पेट्रोल इंजिन. रेडिएटर नाही, म्हणून पाण्याचा मीटर बाद. आणि ऑइल पंपही नाही. कनेक्टिंग रॉडच्या कॅपला खाली एक छोटी जीभ असते. दर फेऱ्याला ती संपमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथल्या) ऑइलमध्ये बुडते आणि ऑइल वर उडवते. त्या शिंतोड्यांवरच सगळं चालतं. प्रेशर नावाची गोष्टच तयार होत नाही, त्यामुळे ब्लॉकला प्रेशरचा सेंडर (प्रेशर ओळखून मीटरला कळवणारा सेन्सर) लावायची जागाही सापडणार नाही. काही लोक शोभेसाठी मीटर लावतात, काटा कायम शून्यावर. मला ते चालत नाही. शून्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागली की बाकीच्या मीटरकडेही लक्ष जात नाही.

या इंजिनाचा ऑइलचा मीटर म्हणजे डिपस्टिक. सपाट जागेवर उभा करून, दर वेळी, स्टार्ट मारण्याआधी. यातला रॉड ॲल्युमिनियमचा आणि क्रँकवर थेट बसलेला, मध्ये बेअरिंगचं शेल नाही. ऑइल कमी असताना उतारावर गवत कापायला घेतलं की ऑइल एका बाजूला जातं, जीभ कोरडी फिरते आणि रॉड पकडतो. पकडला की तुटतो, आणि तुटला की बहुतेक वेळा ब्लॉकला भोक पाडूनच बाहेर येतो. जुन्या कोहलरचे जे फुटलेले ब्लॉक विकायला दिसतात त्यांची कहाणी बरेचदा हीच असते. (ज्यांच्याकडे ओनान इंजिनाचा जॉन डिअर ३१८ आहे किंवा दोन सिलिंडरचं केटी-१७ सिरीज टू आहे, त्यांना हे लागू नाही. तिथे पंप आहे, प्रेशरचा मीटर जरूर लावा. फक्त सेंडर थेट ब्लॉकवर पितळी निपलने टांगू नका, थरथरीने निपल मुळात चिरते. मध्ये वीतभर लवचीक नळी घ्या आणि सेंडर फ्रेमला बांधा.)

मग तापमान कशाचं बघायचं? सिलिंडर हेडचं. त्यासाठी स्पार्क प्लगखाली बसणारी तांब्याची रिंग मिळते, तिला थर्मोकपलची, म्हणजे उष्णता ओळखणाऱ्या दोन धातूंच्या जोडाची, वायर जोडलेली असते. तुमच्या प्लगला १४ मिलिमीटरची रिंग लागेल. प्लगची स्वतःची वॉशर काढायची आणि तिच्या जागी ही रिंग घालायची. हे काम इंजिन पूर्ण थंड असताना करा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग उघडला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतील. थर्मोकपलची वायर जास्त झाली म्हणून कापू नका, आणि कमी पडली म्हणून साध्या तांब्याच्या वायरीचा तुकडाही जोडू नका. जोड त्याच धातूच्या वायरीचा नसेल तर मीटर चुकीचं तापमान दाखवतो. जास्तीची वायर गुंडाळून बांधून ठेवा, सायलेन्सरपासून लांब.

आता 'किती डिग्रीला थांबायचं' हे तुम्ही विचारणारच. नेटवर आकडे भरपूर फिरतात, पण रिंग कुठे बसलीये, हवा किती लागतेय, मीटर कुठल्या जातीचा आहे यावर आकडा बदलतो. म्हणून स्वतःच्या ट्रॅक्टरचा आकडा काढा. हेडभोवतीचं पत्र्याचं आवरण एकदा काढा, फिन्समधलं (थंड होण्यासाठी असलेल्या पातळ पात्यांमधलं) गवत आणि हिवाळ्यात उंदरांनी केलेलं घर साफ करा, आवरण परत नीट बसवा. (आवरण काढून ठेवलं की इंजिन 'मोकळं' राहतं हा गैरसमज आहे; फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा त्या पत्र्यामुळेच फिन्सवर येते.) मग उन्हात, नेहमीचं गवत, नेहमीचा गिअर, अर्धा तास कापा आणि काटा कुठे स्थिरावतो ते मार्करने काचेवर टिपून ठेवा. पुढे कधी त्याच कामाला काटा त्या खुणेच्या बराच वर गेला तर थांबायचं. कारणं ठरलेली: फिन्स बुजल्या, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर टायमिंग हललंय.

बॅटरीच्या मीटरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या ट्रॅक्टरवर सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. तुमच्याकडे स्टार्टर आणि डायनॅमो वेगवेगळे नाहीत. बेल्टवरचं एकच यंत्र आहे. स्टार्ट मारताना ते इंजिन फिरवतं, इंजिन धरलं की इंजिन त्याला फिरवतं. बेल्ट ढिला झाला की दोन्ही कामं बिघडतात, आणि आधी चार्जिंग जातं. ॲमीटर लावायचा तर तो चार्जिंगच्या लायनीत, सिरीजमध्ये लागतो, म्हणजे सगळा करंट जाड वायरीने डॅशपर्यंत आणून परत न्यायचा. त्या वायरीचं इन्सुलेशन घासून पत्र्याला टेकलं तर धूर निघालाच. बॅटरीकडून स्टार्टरला जाणारी जाड केबल चुकूनही ॲमीटरमधून घ्यायची नाही. स्टार्ट मारताना तिथे शंभराच्या आसपास अँपिअर जातात, वीस-तीसचा मीटर एका फटक्यात जातो.

म्हणून व्होल्टमीटर घ्या. चावीच्या स्विचवरून, म्हणजे चावी ऑन केल्यावरच ज्या टर्मिनलला करंट येतो तिथून, ३ अँपिअरचा फ्यूज टाकून एक बारीक वायर, आणि दुसरी अर्थला. फ्यूज टर्मिनलच्या जवळच हवा. त्याच टर्मिनलवरून इग्निशन कॉइललाही करंट जातो, आणि मीटरच्या वायरीतल्या शॉर्टने इंजिन शेताच्या मधोमध बंद पडायला नको. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, हे सांगायला नको.

हा मीटर वाचायचा कसा? इंजिन बंद, चावी ऑन, काटा १२.६ च्या जवळ: बॅटरी भरलेली. आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी फेऱ्यांवर, चालू ठेवलं आणि काटा १२ च्या पुढेमागे रेंगाळला तर घाबरू नका, डायनॅमो कमी फेऱ्यांना चार्ज करत नाही. थ्रॉटल वर नेला की १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. आला नाही तर पहिला हात बेल्टला लावा, मग ब्रश बघा. आणि काटा १५ च्या वर गेला तर बॅटरीचं पाणी उकळायला लागलंय असं समजा. नवा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा) मागवण्याआधी जुन्याच्या बुडाचं अर्थिंग तपासा. तो जिथे बोल्टने बसतो तिथे रंग किंवा गंज असला तर त्याच्या कॉइलला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि तो डायनॅमोला आवरतच नाही. कानशीने पत्रा चकचकीत केला की बरेचदा काम होऊन जातं. काट्याची बारीक थरथर मात्र सोडून द्या, त्या काळचा रेग्युलेटर कॉन्टॅक्ट उघडझाप करूनच चालतो.

चौथा मीटर तुम्ही विचारला नव्हता, पण घ्याच: तासांचा आणि आरपीएमचा एकत्र मिळतो तो. त्याची वायर प्लगच्या वायरीला चार-पाच वेढे मारायची, बस्स. त्याला वेगळी पॉवर लागत नाही. एकच गोष्ट सांभाळा. के-३०१ चे पॉइंट (ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट) कॅमशाफ्टवर चालतात, आणि तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ठिणगी दोन फेऱ्यांना एकदा पडते. फ्लायव्हीलवरच्या मॅग्नेटोच्या छोट्या इंजिनांत ती दर फेऱ्याला पडते, आणि मीटर बहुतेक त्याच सेटिंगवर येतात. सेटिंग बदललं नाही तर ३६०० वर फिरणारं इंजिन तुम्हाला १८०० दाखवेल, आणि मग लोक गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ओढत बसतात. ते भलतंच धोक्याचं. ३६०० ही वरची मर्यादा आहे.

बसवायचं कुठे? डॅशला भोक पाडू नका. ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पट्टीचं छोटं पॅनल करा आणि डॅशच्या आहे त्याच बोल्टवर धरा. नेहमीच्या दोन इंची मीटरला ५२ मिलिमीटरचं भोक लागतं, होल सॉने स्वच्छ पडतं. एका सिलिंडरचं इंजिन फ्रेम सतत हलवतं, त्यामुळे पॅनलखाली रबरी बुश हवेतच. पण रबर आलं की पॅनलचं अर्थ गेलं! मीटरची निगेटिव्ह पॅनललाच धरून दिली की दिवे लावल्यावर काटा पडतो नाहीतर नाचतो, आणि माणूस मीटरला नावं ठेवतो. निगेटिव्हची स्वतंत्र वायर थेट फ्रेमला, रंग खरवडून, रिंग टर्मिनलने घ्या. पत्र्यातून वायर जिथे आत जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि प्लगवरून आलेली आरपीएमची वायर बाकीच्यांपासून लांब.

पेट्रोलच्या मीटरसाठी टाकीला भोक पाडायचं मनात असेल तर तेवढं काढून टाका. टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी आहे. झाकण उघडून बघता येतं.

व्होल्टमीटर लावल्यावर आयडलला आणि पूर्ण थ्रॉटलला काय दिसतं ते इथे टाका. रेग्युलेटरचं काय करायचं ते त्यावरून सांगता येईल.