मेमरी ओव्हरक्लॉक करण्याआधी

ओव्हरक्लॉक म्हणजे रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणं. त्यात नुसत्या मोठ्या आकड्यामागे धावू नकोस मित्रा. डीडीआर४ प्रकारच्या रॅममध्ये ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८ (पहिला आकडा वेग, सीएल म्हणजे डेटा यायला लागणारी क्लॉकची चक्रं), दोन्हींची सीएएस लेटन्सी, म्हणजे डेटा मागितल्यावर तो येईपर्यंतचा वेळ, १० नॅनोसेकंदच भरते. सीएलला २००० ने गुण, वेगाने भाग, झालं. ३६०० ला बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, मात्र जास्त मिळते.

आधी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (मेमरीतच साठवलेली जास्त वेगाची सेटिंग) चालू कर. कित्येकांची ३२०० ची मेमरी वर्षानुवर्षं २१३३ वर चालत असते आणि त्यांना पत्ताही नसतो. प्रोसेसर रायझन ५००० असेल तर ३६०० वर थांबलास तरी उत्तम. तिथे मेमरीचं क्लॉक (३६०० च्या निम्मं) आणि इन्फिनिटी फॅब्रिक, म्हणजे प्रोसेसरमधले भाग जोडणारा दुवा, दोन्ही १८०० मेगाहर्ट्झवर एकास एक चालतात. ते प्रमाण मोडलं की लेटन्सी उलट वाढते.

खरी मजा टायमिंगमध्ये (मेमरीच्या कामांमधल्या थांब्यांचे आकडे), त्यातही टीआरएफसीत, म्हणजे मेमरी रिफ्रेश व्हायला लागणाऱ्या वेळेत. रिफ्रेश चालू असताना मेमरीला वाट बघावी लागते, म्हणून हा आकडा उतरवला की फायदा दिसतो. पण एका वेळी एकच आकडा बदल, वहीत लिहून ठेव आणि मग रात्रभर मेमटेस्ट (मेमरीतल्या चुका शोधणारा प्रोग्राम) लाव. विंडोज सुरू झालं म्हणजे जमलं, असं अजिबात नाही! चुकलेला एखादा बिट गुपचूप फाइलमध्ये जातो आणि काही महिन्यांनी जुना फोटो उघडतच नाही. त्यामुळे बॅकअप आधी, हे कळकळीने सांगतोय.

मेमरी तापली की चुका वाढतात. रात्री पास झालेली सेटिंग भर दुपारी, गेम खेळून ग्राफिक्स कार्ड तापलेलं असताना पुन्हा तपास. बूटच झालं नाही तर घाबरू नकोस, सीमॉस क्लिअर कर, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत येतील.