बाळापेक्षा जड काही नको

"मॅडम, तळहाताच्या फोडासारखी जपतोय तिला. पाण्याचा तांब्या उचलू देत नाही. तरी न्हाणीघराचं दार लावून रडते. टाके आतून दुखत असतील का?"

फोन डिचोली तालुक्यातून होता, बाळंतिणीच्या आईचा. सिझर होऊन पाच आठवडे झाले होते. बाळंतिणींचं समुपदेशन हेच माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे गोव्यात शंभरातली जवळजवळ 40 बाळंतपणं सिझरनेच होतात. पाऊस धो धो होता, बाळंतिणीला कुठे बाहेर काढता म्हणून मीच गेले.

आई तिला 'बाय' म्हणायची, इथे मीही तेच म्हणते.

खोली काळोखी. खिडक्या बंद, दोरीवर ओलसर लंगोट, खाटेखाली कोळशाची शेगडी. आधी खिडकी उघडायला लावली. बंद खोलीत कोळसा जळत ठेवला की बाळंतीण आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. मला बघून बाय तशीच सरळ उठायला गेली आणि कळवळली. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटा देत उठायचं, एवढं पाच आठवड्यांत तिला कोणी सांगितलं नव्हतं. खोकला आला तर टाक्यांवर उशी दाबून धरायची, हेही नाही. ही शिकवणी खरं तर नर्सची, पण रविवारच्या दुपारी नर्स कुठून आणायची?

"दुखतं का गं?"

"टाके नाही दुखत आता." मग बराच वेळ गप्प. "ताई, मी म्हणजे दुधाची पिशवी. वेळ झाली की बाळ आणतात, पाजून झालं की नेतात."

ढेकर काढणं आजीकडे, झोपवणं मावशीकडे, आंघोळ न्हाऊ घालणाऱ्या बाईकडे. नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात, रविवारी येतो आणि पाहुण्यासारखा खुर्चीवर बसतो. बारशाला आलेली एक काकू बोलून गेली होती, "कळा न देताच सुटलीस बघ." बायच्या मनात ते रुतून बसलं होतं. बाळंतपण डॉक्टरांनी केलं, बाळ आजी सांभाळते, मग माझं काय, हा तिचा हिशेब.

मी आईला विचारलं, उचलण्याबद्दल डॉक्टर नेमकं काय म्हणाले?

"काही उचलायचं नाही. बाळसुद्धा नको, टाके उसवतील."

फाइल मागितली. घरी सोडतानाच्या कागदावर घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. मी ते मोठ्याने वाचलं. आईने कागद हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचला.

"म्हणजे बाळ चालतं?"

बाय तेव्हा रडली, पण या वेळी सगळ्यांसमोर.

तरी कागद वाचून सगळं मिटतं असं मी धरत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. हिचं पाच आठवडे चाललं होतं, बाळ झोपलं तरी हिला झोप नव्हती. म्हणून बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीचे दहा प्रश्न विचारले. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा. तो मी कधीही गाळत नाही, आणि विचारताना आईला चहा करायला पाठवते. तिचं उत्तर "कधीच नाही" आलं. पण एकूण गुण काठावरचे होते. प्रश्नावलीने निदान होत नाही, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. आई बिचकली, "वेडी नाही हो ती." मग तिला गोव्याचाच दाखला दिला. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गोव्यातल्या मातांवरचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांना नैराश्य आढळलं होतं. चारचौघी बाळंतिणी धरल्या तर त्यातली जवळजवळ एक. त्या सगळ्या काय वेड्या?

बाकी घरातल्या गैरसमजांवर फार वेळ घालवला नाही. पाणी तोडलं होतं, ते सुरू केलं. कमी पाण्याने शौचाला खडा होतो आणि कुंथताना टाक्यांवर ताण येतो. सिझरवेळच्या भुलीच्या, पाठीतल्या इंजेक्शनने जन्मभर कंबर धरते, हेही मनातून काढायला सांगितलं. कंबर दुखते ती बहुधा वाकून पाजण्याने. बाळाला बगलेखालून धरून किंवा कुशीवर निजून पाजलं की पोटावर भार येत नाही. ताप, टाक्यांतून पू किंवा घाण वास, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर मला फोन करत बसायचं नाही, थेट 108.

मग कामांची उलटापालट केली. स्वयंपाक, कपडे, पाहुणे घरच्यांनी बघायचे. बाळाची ढेकर, लंगोट, झोपवणं बायचं, तिला जमेल तेवढं. रात्री एकदा आजीने बाळ घ्यायचं, कारण झोप हेही औषधच. नवऱ्याला रविवारचं काम दिलं: खाटेवर बसलेल्या बायच्या हातात बाळ द्यायचं आणि परत घ्यायचं. आजीला हे सगळ्यात जड गेलं. "माझे हात मोकळे राहतात मग," असं म्हणाली. तिचंही बरोबर होतं. तिचा पहिलाच नातू.

मानसोपचारतज्ज्ञांनी दर आठवड्याला बोलणं सुरू ठेवायला सांगितलं, गोळ्यांचा विचार पुढे ढकलला. महिन्याने गेले तेव्हा नैराश्याचे गुण उतरले होते, रडणं मात्र पूर्ण थांबलं नव्हतं. सोप्यावर अर्धा तास बसवून ठेवलं मला. आत बाळाची आंघोळ चालली होती, आणि बायचा आवाज येत होता, आईवर डाफरणारा: "पाणी गरम आहे गं, किती वेळा सांगायचं!"