‘बघू’ म्हणणारे पास्टर आणि एक्सेलची शीट : मिशन ट्रिप नेणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात छोट्या मुदतीच्या परदेशी मिशन ट्रिपबद्दल (म्हणजे चर्चची टीम काही दिवस दुसऱ्या देशातल्या चर्चकडे सेवेला जाते, त्याबद्दल) दोन ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून चार पत्रं निवडलीत. नावं काढून टाकली आहेत, एकाने तर स्वतःच सांगितलं होतं की ताई नाव छापू नका, आमच्या टीममधले हा कॉलम वाचतात.

प्रश्न : ताई, मी पहिल्यांदाच लीडर म्हणून चाललोय. 14 जण, 10 दिवस. मी एक्सेलमध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचं शेड्यूल बनवलंय, रंग वगैरे देऊन. यजमान मंडळीच्या (म्हणजे तिथल्या चर्चच्या) पास्टरांना तीनदा पाठवलं, ते दर वेळी एवढंच म्हणतात की ‘या तर आधी, मग बघू’. सगळे सीनियर सांगतात फ्लेक्सिबल राहा. म्हणजे नक्की काय करू? मला झोप येत नाहीये.

उत्तर : दादा, आधी झोपा. शीट फेकू नका, तुमच्याजवळ ठेवा, पण टीमला देऊ नका. छापलेला कागद हातात पडला की माणूस घड्याळ बघायला लागतो आणि मग दहा वाजताचं साडेअकराला झालं की त्याला वाटतं ट्रिप फसली. टीमला रोज रात्री फक्त उद्याचं सांगायचं, तेही ‘सकाळी हे, दुपारी बहुतेक ते’ एवढंच.

आता त्या ‘बघू’बद्दल. तुम्हाला ते टाळाटाळ वाटतंय, पण मला नाही वाटत. त्या पास्टरांना माहितीय की त्या आठवड्यात कुणाच्या घरी आजारपण आहे, गाडी मिळणार की नाही, शाळा हॉल देणार की नाही, आणि हे सगळं दोन महिने आधी तुमच्या शीटमध्ये भरून देणं त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटत असणार. तुम्ही प्रश्न बदलून बघा. ‘कार्यक्रम किती वाजता?’ असं विचारू नका, ‘कोण आल्यावर सुरू करायचं?’ आणि ‘काय झाल्याशिवाय सुरू होणार नाही?’ असं विचारा. बऱ्याच ठिकाणी सभा घड्याळाने सुरू होत नाही, माणसं जमल्यावर होते. हे दोन प्रश्न विचारल्यावर मला एकदा पंधरा मिनिटांत सगळा आठवडा कळला होता, जो महिनाभराच्या मेलमधून कळला नव्हता.

आणि दिवसाला एकच मोठं काम धरा. एकच. बाकी सगळं झालं तर झालं. पोचल्यानंतरचा पहिला दिवस रिकामा ठेवा, त्यात झोप, बॅगांची शोधाशोध, पैसे बदलणं, सिमकार्ड हे सगळं आपोआप भरतं.

माझं एक सांगते. आम्ही एका शाळेच्या वर्गखोल्या रंगवायला गेलो होतो, रंगाचे डबे, ब्रश, रोलर सगळं आधीच तिथे पोचवलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळीतले एक आजोबा वारले. काम बंद, शाळा बंद, सगळं गाव तिकडे. मी पास्टरांना हळूच विचारलं (आज आठवलं तरी लाज वाटते) की आम्ही निदान मागची भिंत तरी करू का. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. मग आम्ही सगळे तिकडे गेलो, दोन दिवस खुर्च्या वाहिल्या, पाणी भरलं, भांडी घासली, भाषा येत नव्हती म्हणून गप्पच बसलो बरेच वेळा. आजोबांच्या बायकोने माझा हात धरून ठेवला होता, एक अर्धा तास असेल, मी नुसती बसले होते आणि माझ्या नखांमध्ये आदल्या दिवशीच्या टेस्ट पट्टीचा निळा रंग अडकलेला, ती अंगठ्याने तो रंग खरवडून काढत होती, काही न बोलता. टेस्टसाठी उघडलेला तेवढा सोडला तर डबे आम्ही निघालो तेव्हाही सीलबंदच होते. भिंती त्यांनी नंतर स्वतः रंगवल्या, आणि आमच्यापेक्षा सरळ.

प्रेषित पौलाचंच बघा ना. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16. आसिया प्रांतात देवाचं वचन सांगायचं म्हटलं तर पवित्र आत्म्याने मनाई केली, बिथुनियाला जायचा प्रयत्न केला तर जाऊ दिलं नाही, शेवटी त्रोवसच्या किनाऱ्यावर येऊन थांबले आणि तिथे रात्री दृष्टान्त झाला की मासेदोनियात ये. दृष्टान्तात उभा होता एक पुरुष, आणि मासेदोनियातल्या फिलिप्पैला नदीकाठी प्रत्यक्षात भेटल्या बायका, त्यातली एक जांभळं कापड विकणारी लुदिया. मला हा भाग फार आवडतो, कारण दृष्टान्त मिळाल्यानंतरसुद्धा तपशील वेगळाच निघाला.

प्रश्न : आमच्या मागच्या ट्रिपला निम्म्या बॅगा आल्याच नाहीत, आणि लहान मुलांच्या कार्यक्रमाचं सगळं साहित्य त्यातच होतं. अशा वेळी लीडरने काय करायचं? आणि निघण्याआधी काय बघायचं?

उत्तर : एका कार्यक्रमाचं सगळं साहित्य एका बॅगेत कधीच भरू नका. प्रत्येकाच्या बॅगेत थोडं-थोडं द्या, म्हणजे तीन बॅगा हरवल्या तरी कार्यक्रम उभा राहतो. बॅग आली नाही तर एअरपोर्टच्या बाहेर पाऊल टाकायच्या आधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी रिपोर्ट करून त्याचा नंबर घ्या, बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडत नाहीत आणि फोनवर कुणी ऐकत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी 1999 चा मॉन्ट्रियल करार लागू असतो. त्यानुसार 21 दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. बॅग उशिरा आली तर ती मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करायची, आणि मोडतोड झाली असेल तर 7 दिवसांत.

पासपोर्टची मुदत आत्ताच बघा, टीममधल्या प्रत्येकाची, स्वतःच्या डोळ्यांनी. बरेच देश प्रवासाच्या तारखेपुढे 6 महिने मुदत मागतात आणि ‘माझा आहे ना व्हॅलिड’ म्हणणारा माणूस प्रत्येक टीममध्ये एक असतोच. यलो फीवरची लस लागणारा देश असेल तर तिचं सर्टिफिकेट लस घेतल्यापासून 10 दिवसांनी ग्राह्य होतं, आदल्या आठवड्यात टोचून उपयोग नाही (एकदा घेतली की 2016 पासून ते आयुष्यभर चालतं). पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, सोबतच्या बॅगेत ठेवा. हे इतकं सगळं इथे का सांगतेय, तर ऐनवेळी शांत राहायचं असेल तर अशा गोष्टी आधी घट्ट बांधलेल्या लागतात. जो लीडर यात ढिला असतो तोच पुढे टीमला फ्लेक्सिबल व्हा म्हणून ऐकवत बसतो, हे मी खूप वेळा बघितलंय. स्वतःचा आळस लपवायला तो शब्द फार सोयीचा आहे.

प्रश्न : टीममधला एकजण तिसऱ्या दिवसापासून धुसफुसतोय. त्याचं म्हणणं, मी रजा टाकून, पैसे जमवून मुलांना शिकवायला आलो आणि तुम्ही मला बांधकामावर विटा द्यायला उभं केलं. मी त्याला सांगितलं, जरा फ्लेक्सिबल हो. त्यानंतर तो माझ्याशी बोलतच नाही. माझं चुकलं का?

उत्तर : हो, थोडं चुकलं. त्याने तुम्हाला दुःख सांगितलं आणि तुम्ही त्याला सूचना दिली. त्याला बाजूला घ्या, एकट्याला, आधी नीट जेवलाय का, झोपलाय का ते बघा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. मग त्याला बोलू द्या. त्याने कुणाकडून पैसे जमवले असतील तर त्यांना घरी गेल्यावर काय सांगणार याची लाज त्याच्या मनात असते, ती कुणी विचारत नाही. त्याला विचारा की तू त्यांना काय सांगितलं होतंस, आणि मग दोघं मिळून आत्ताच दोन ओळींचा मेसेज लिहा की काम बदललं, आम्ही आत्ता हे करतोय.

योहान मार्कची गोष्ट त्याला सांगू नका, तुम्ही स्वतः वाचा. तो पौल आणि त्याचा साथीदार बर्णबा यांच्या टीममध्ये होता, पंफुल्यातल्या पिर्गा इथून टीम सोडून परत गेला, पुढच्या वेळी बर्णबाला तो हवा होता, पौलाला नको होता, आणि त्यावरून दोघांचं एवढं बिनसलं की ते वेगळे झाले. ते दोघे साधेसुधे लोक नव्हते. आणि बऱ्याच वर्षांनी हाच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. ट्रिपमध्ये फिसकटलेला माणूस पुढे कामाचा निघू शकतो, एवढं लक्षात ठेवून त्याच्याशी बोला.

पुढच्या वेळी तयारीच्या मीटिंगमध्येच एक खोडी करा. ठरलेला कार्यक्रम सुरू झाला की मध्येच थांबवून सांगा की लाइट गेले, किंवा आता मुलं नाही आलीत, आजी-आजोबा आलेत, करा. कोण हसतं, कोण चिडतं, कोण लगेच कामाला लागतं ते घरीच दिसतं. मी एकदा असं केलं तेव्हा सगळ्यात जास्त कोण चिडलं असेल? मीच, कारण सहलीडरने माझ्यावरच डाव उलटवला आणि माझं प्रवचन 20 मिनिटांवरून 5 वर आणलं.

प्रश्न : कुठे वाकायचं आणि कुठे नाही, हे कसं ठरवायचं? आमचे यजमान खूप प्रेमळ आहेत, पण ते म्हणतात इमिग्रेशनवर फक्त फिरायला आलो सांगा, इथे सगळे तसंच करतात. शिवाय मुलांच्या वसतिगृहात आमच्यातल्या एकेकाला रात्री राहायला सांगतायत. नाही म्हटलं तर ते दुखावतील.

उत्तर : दुखावू देत. वेळ, जागा, काम, जेवण, झोपायची सोय, कोण बोलणार, किती लोक येणार, या सगळ्यात यजमान म्हणतील तसं. व्हिसा, मुलं, औषधं आणि पैसे यांत अजिबात नाही. टूरिस्ट व्हिसावर धार्मिक काम करायला कित्येक देशांत परवानगी नसते. तिथे खोटं बोलून तुम्ही परत याल हो, पण चौकशी त्या पास्टरांच्या दारात जाईल. त्या देशाच्या वकिलातीला लेखी विचारा आणि जो व्हिसा लागतो तो काढा, नाहीच मिळाला तर ट्रिपचं स्वरूप बदला.

मुलांच्या बाबतीत, कुणीही एकटं एका मुलासोबत बंद खोलीत राहणार नाही, आणि पालकांना किंवा सांभाळणाऱ्यांना विचारल्याशिवाय फोटो नाही. 2010 च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला, आणि त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेतल्या चर्चच्या 10 लोकांना तिथल्या पोलिसांनी पकडलं, कारण ते 33 मुलांना आवश्यक कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेत होते. अनाथ म्हणून नेलेल्या त्या मुलांतल्या बऱ्याच जणांचे आईवडील जिवंत निघाले. त्यांनाही कुणीतरी ‘इतकी घाई आहे, कागद नंतर बघू’ असंच म्हटलं असणार, किंवा ते स्वतःच स्वतःला म्हणाले असतील.

यजमानांना नकार एकट्याने देऊ नका. निघण्याआधीच पाठवणाऱ्या मंडळीकडून एक पानाचं लेखी पत्र घ्या, त्यात हे चार नियम असू देत. मग तुम्हाला एवढंच म्हणायचं असतं की पास्टर, आमच्या मंडळीने मला यातली सूट दिलेली नाही, आणि वसतिगृहात झोपण्याऐवजी आम्ही सगळे मिळून संध्याकाळी येतो, चालेल का? बहुतेक वेळा चालतं. नाही चाललं तर संध्याकाळ मोकळी मिळाली म्हणा आणि टीमला लवकर झोपवा.