उभं राहिलं की टाचेच्या कडेला येणारे बारीक उंचवटे: कॉर्न कॅप लावू का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम आहे, दिवसभर फरशीवर उभं राहणं होतं, टाचेच्या आतल्या कडेला पांढरट फोडीसारखे उंचवटे येतात आणि बसलं की जातात. मेडिकलवाल्यानं कॉर्न कॅप (कुरूप काढायची औषधी पट्टी) दिलीय. ती लावू नका.

हे कुरूप नाही, चामखीळही नाही. टाचेखाली चरबीची गादी असते. ती तंतूंच्या छोट्या छोट्या कप्प्यांत बांधलेली असते. अंगाचा भार पडला की कप्प्यांच्या कमकुवत जागेतून थोडी चरबी कडेच्या कातडीकडे ढकलली जाते, तोच उंचवटा. डॉक्टरी भाषेत याला पायझोजेनिक पेडल पॅप्यूल्स म्हणतात. पहिलं वर्णन 1968 सालचं. पुष्कळ लोकांना असतात आणि बहुतेकांना पत्ताही नसतो.

खात्री घरीच करता येते. अनवाणी दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी टाचेची आतली कडा बघायला सांगा. काही मिलिमीटरचे, कातडीच्या रंगाचे किंवा फिकट पिवळसर, मऊ दाणे दिसतील. पाय उचलला की सपाट. चामखीळ पाय उचलल्यावर जात नाही. तिच्यात काळे ठिपके दिसतात आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की दुखते.

कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते वरची कातडी जाळतं आणि तुमची अडचण कातडीच्या खाली आहे. उंचवटा तसाच राहील, वर जखम मात्र होईल. साखर असेल तर ती जखम चिघळायला वेळ लागत नाही. ब्लेडनं तासणं, सुईनं फोडणं हेही नकोच.

दुखत नसेल तर काहीही करायची गरज नाही. उभं राहिल्यावर दुखतं आणि पाय वर घेतला की थांबतं, असं असेल तर चरबीबरोबर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दाबल्या जातायत. (सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेच्या तळाशी कळ येत असेल तर ते दुखणं बहुधा वेगळं, तळव्याच्या पट्ट्याचं.) अशा वेळी सिलिकॉनचा हील कप घ्या, पण वाटीसारखा, कडा असलेला. सपाट जेल पॅड मऊ लागतो, पण चरबीला बाजूनं धरून ठेवत नाही, आणि इथे खरं काम कडांचंच आहे. एकाच टाचेत त्रास असला तरी दोन्ही पायांत घाला, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर धरते. कप बसायला मागून बंद, टाचेला घट्ट धरणारा बूट लागतो. कोल्हापुरी चपलेत तो टिकत नाही, आणि तिचा कडक सपाट तळ टाचेला आधारही देत नाही. वजनकाट्याजवळ जिथे जास्त उभे राहता तिथे जाड रबरी मॅट टाका. अधूनमधून पाच मिनिटं बसा. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानं फरक पडतो.

एवढं करूनही महिना-दीड महिन्यात दुखणं हटलं नाही, तर सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेच्या सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. काही वेळा इंजेक्शन देतात, पण स्टेरॉइडनं टाचेची गादीच पातळ होऊ शकते, म्हणून त्याची घाई मला पटत नाही. ऑपरेशन क्वचितच. हाताचा अंगठा वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला हाताला टेकतो, कातडी रबरासारखी ताणली जाते, असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सांधे-कातडीच्या एका आनुवंशिक आजारात हे उंचवटे जास्त दिसतात. आणि पाय वर घेऊनही गाठ तशीच राहिली, वाढली किंवा रंग बदलला, तर महिनाभर थांबू नका.