पहिली माहेश्वरी घेताना

ताई, पहिली साडी शुद्ध रेशमीच हवी हा हट्ट तेवढा सोडा. पारंपरिक माहेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. तिचं हलकेपण आणि मंद झळाळी त्यातूनच येते. आपल्या इंदूरच्या उन्हाळ्यात लग्नघरी ती दिवसभर नेसून वावरता येतं. "सूत मिसळलंय, म्हणजे फसवलं" असं समजून नवखी माणसं उत्तम साडी परत ठेवतात, याचं फार वाईट वाटतं.

दुकानात सध्या एवढंच बघा:

- कडेला बारीक टोचल्याच्या खुणा. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या त्या खुणा असतात.
- काठाची उलटी बाजू. बुगडी, म्हणजे दोन्हीकडून सारखा दिसणारा काठ असेल तर साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते.
- हँडलूम मार्क, म्हणजे कापड हातमागाचं असल्याची सरकारी खूण.

जरीकाम, बुट्ट्या, नैसर्गिक रंग हे सगळं नंतर.

पण इंदूरच्या राजवाडा बाजाराकडे खरेदीला वळण्याआधी एकदा महेश्वरला जाच. इथून साधारण ९० किलोमीटर. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात तिथे विणकर आणून वसवले. किल्ल्यात रेहवा सोसायटी या विणकरांच्या संस्थेचे माग आजही चालतात. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरची नक्षी काठांत उतरलेली दिसेल. चटाई, लहर, वीट हे नमुने ओळखायला शिका. मागाशेजारी थोडा वेळ थांबा, साडीला किती दिवस लागले ते विणकरालाच विचारा. मग त्याच्याशी किमतीवरून घासाघीस करू नका. नवीन गिऱ्हाइकं नेमकी तिथेच चुकतात.

घरी आणल्यावर मऊ सुती कापडात ठेवा, अधूनमधून घडी बदला. पहिल्यांदा ड्रायक्लीनलाच द्या.