कोणाच्या शेजारी कोणता गेम

प्रिय मित्रा,

सात-आठ गेम एकाच वेळी सुरू आहेत, एकही पुढे सरकत नाही, महिन्याभराने उघडला की आपण कुठे होतो ते आठवत नाही, आणि शेवटी रात्र जाते ती मित्रांबरोबरच्या नेहमीच्या नेमबाजीच्या गेममध्ये, व्हॅलोरंटमध्येच. हे सगळं पत्रात लिहून तू खाली निदानही करून टाकलंस: माझ्यात चिकाटीच नाही. मला ते मान्य नाही. ‘एल्डन रिंग’मधल्या मार्गिट या बलाढ्य शत्रूकडून रोज मार खाऊन दुसऱ्या दिवशी परत त्याच पुलावर जाणाऱ्या मुलात चिकाटी नाही असं म्हणता येत नाही. गेमच्या संख्येचंही मला फारसं काही वाटत नाही. मी वर्षानुवर्षं तीन-चार गेम एकत्र खेळत आले आहे आणि त्यांतले बरेचसे शेवटपर्यंत नेले आहेत. तुझ्या यादीत अडचण आहे ती शेजाराची. कोणाच्या शेजारी कोण बसलंय ते बघ.

प्रत्येक गेम आपल्याला काहीतरी लक्षात ठेवायला लावतो. काही गेम ते काम बोटांवर सोपवतात, काही डोक्यावर, आणि काही थेट तुझ्या दिवसाच्या वेळापत्रकावर. बोटांचे दोन गेम एकत्र आले की दोन्हींचा हात बिघडतो. डोक्याचे दोन आले की दोन्ही धूसर होतात. वेळापत्रकावर हक्क सांगणारे दोन आले तर बाकी कशालाच जागा उरत नाही. पण बोटांचा एक आणि डोक्याचा एक, हे महिनोन्महिने गुण्यागोविंदाने नांदतात. इतक्या वर्षांच्या खेळण्यातून तुला द्यावंसं वाटतं ते एवढंच. आता तुझ्याच यादीला ते लावून दाखवते.

तू ‘द विचर ३’ आणि ‘एल्डन रिंग’ आलटून-पालटून खेळतोस. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर विचरमध्ये चौकोनाचं बटण म्हणजे तलवारीचा झटपट वार. एल्डन रिंगमध्ये वार असतो आर-वनवर, म्हणजे उजव्या तर्जनीखालच्या बटणावर, आणि चौकोन दाबला की निवडून ठेवलेली वस्तू वापरली जाते, म्हणजे बहुतेक वेळा फ्लास्क तोंडाला लागतो. मार्गिट काठी उगारून उभा आहे, तू वार करायला जातोस आणि तुझा योद्धा औषध पीत बसतो. गिअरच्या बाइकवरून उतरून ॲक्टिव्हावर बसलं की डावा हात क्लच समजून ब्रेक दाबतो, तसंच हे. यात तुझं कौशल्य कमी पडत नाही, दोन सवयी एकमेकींच्या अंगावर येतात.

बटणं तरी बदलून घेता येतात, ताल बदलता येत नाही. विचरमध्ये शत्रूचा हात हलला की बाजूला झालास तरी बऱ्याचदा निभावतं. मार्गिट मात्र काठी वर नेऊन मुद्दाम थांबतो, आणि घाबरून आधीच लोळण घेणाऱ्याला काठी खाली आणताना गाठतो. तिथे लोळण घ्यायची वेळ त्या थांबण्याच्या पलीकडे आहे, आणि ती कळते फक्त रोज हात फिरल्याने. दोन दिवस एल्डन रिंग आणि तीन दिवस विचर केलंस तर दर वेळी पहिला तास आदला ताल विसरण्यातच जाणार.

शिवाय एल्डन रिंग डोक्यावरही भार टाकतो. त्यात क्वेस्टची, म्हणजे अंगावर घेतलेल्या कामांची, यादी नाही. कोण कुठे भेटलं, त्याने काय मागितलं, कोणतं दार बंद होतं, हे सगळं तूच लक्षात ठेवायचं. म्हणून तो मला सुट्टीतला गेम वाटतो. सेमिस्टर संपलं की त्यालाच घे आणि दुसरं काही उघडू नकोस. परत गेल्यावर पहिल्याच दिवशी मार्गिटकडेही जाऊ नकोस. गेटफ्रंटच्या पडक्या तळावर जे साधे शिपाई आहेत त्यांच्यावर आधी हात बसव, मग दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात हिंडून ये. तो सगळा प्रदेश मार्गिटच्या आधी करता येतो, आणि तिथून परतणारा माणूस अंगानेही मजबूत असतो.

आता डोक्याचे गेम. माझा जीव सगळ्यात जास्त यांच्यावर आहे आणि सगळ्यात जास्त अर्धवटही हेच सुटतात. ‘हॉलो नाइट’ घे. नव्या भागात तू शिरतोस तेव्हा नकाशाच नसतो. नकाशे काढणारा कॉर्निफर गुणगुणत कुठेतरी बसलेला असतो, त्याच्याकडून तो विकत घ्यायचा, आणि पुढे चाललेली वाट त्यावर उमटते तीही विश्रांतीच्या बाकावर टेकल्यानंतरच. पण ज्या कड्यावर उडी पोचली नाही आणि जी भिंत संशयास्पद वाटली, त्या जागा तू स्वतः खूण विकत घेऊन लावल्या नाहीस तर फक्त तुझ्या डोक्यात राहतात. दोन महिने गेले की त्या गेल्या. मग तू सगळीकडे पुन्हा फिरतोस, कंटाळतोस आणि दोष स्वतःला देतोस.

काही बनवणाऱ्यांनी याचा विचार केलेला असतो, आणि मला त्यांचं फार कौतुक आहे. विचरमध्ये जुना सेव्ह उघडताना नायकाचा कवी मित्र डँडेलियन आतापर्यंतची कथा सांगतो. ‘आउटर वाइल्ड्स’ तर बावीस मिनिटांच्या फेऱ्यात फिरतो. फेरा संपला की सगळं पहिल्यासारखं, तुझ्याकडे उरतं ते फक्त कळलेलं. ते कळलेलं यानातल्या नोंदवहीत धाग्यांनी जोडून ठेवलेलं असतं, त्यामुळे हा गेम चार महिन्यांनी उघडलास तरी पंधरा मिनिटं ती वही वाचून पुन्हा वाटेला लागता येतं. याउलट ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. जहाजावरच्या साठ माणसांचं काय झालं ते चेहरे, कपडे आणि बोलण्याची ढब यांवरून ओळखायचं. तिथेही वही आहे, पण तुझे संशय त्या वहीत नसतात. तो गेम सुरू केलास की संपेपर्यंत दुसरा डोक्याचा गेम उघडायचा नाही.

गंमत अशी की हा भार आपल्या लहानपणीच्या गेमना नव्हताच. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५चा. त्यात सेव्ह नव्हतं. आमच्याकडे कॅसेट लावून खेळायचो तेव्हा दर वेळी पहिल्या विटेपासून सुरुवात, त्यामुळे कुठे होतो हा प्रश्नच यायचा नाही. आता एक्सबॉक्सवर क्विक रिझ्युम आहे, चार-पाच गेम जिथल्या तिथे गोठवून ठेवतो आणि काही सेकंदांत परत आणतो. मशीनला सगळं आठवतं. तू तलवार उपसलेल्या अवस्थेत एका दालनात उभा असतोस आणि का उभा आहेस हे एकट्या तुलाच माहीत नसतं.

म्हणून एक वही ठेव. फोनमधली चालेल, मी कागदाची वापरते. बहुतेक जण लिहितात ते झालेलं: अमुक बॉस मारला, तमुक गाव पार केलं. ते गेमलाही माहीत असतं. तू लिही पुढचं, म्हणजे आता काय करणार होतास आणि का. “विहिरीच्या डावीकडची भिंत, वरून उडी मारून बघायची, कारण पलीकडून आवाज आला होता.” असं एक वाक्य परत येणाऱ्या माणसाला पुरतं. ते उठण्याच्या आधी लिहायचं, दुसऱ्या दिवशी नाही.

आणि उठायचं कुठे तेही ठरव. ‘स्टारड्यू व्हॅली’मध्ये कॉम्प्युटरवर सेव्ह होतो तो झोपल्यावरच. सकाळी सहाला दिवस सुरू, रात्री दोनपर्यंत जागता येतं, मग अंथरूण. मला ही रचना फार आवडते, कारण थांबण्याची जागा गेमच देतो आणि दुसरी सकाळ कोरी मिळते. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून तो बनवला आणि २०१६ साली आणला. बोटांवर भार नाही, डोक्यावर थोडासाच, त्यामुळे तो जवळजवळ कोणाच्याही शेजारी चालतो. ‘हेडीज’मध्येही एक फेरी संपली की घरी परतायचं असतं, उठायला ती चांगली वेळ. ‘सिव्हिलायझेशन’ मात्र असा थांबा कधीच देत नाही. ग्रंथालय तीन चालींत होणार, सैन्य पाच चालींत पोचणार, तेवढ्यात शेजारचा राजा करार घेऊन येतो. एक काम संपायच्या आत दुसऱ्याचं बी पेरलेलं असतं. तो गेम मला अतिशय प्रिय आहे आणि मी तो फक्त शनिवारी दुपारी उघडते.

वेळापत्रकाच्या गेमबद्दल मात्र मी कडक आहे. ‘गेनशिन इम्पॅक्ट’मधलं रेझिन, म्हणजे बक्षिसं घेताना खर्च होणारी शिदोरी, आठ मिनिटांना एक भरतं आणि दोनशेला थांबतं. हिशेब कर: सव्वीस तास चाळीस मिनिटं. एका दिवसाहून थोडंसंच जास्त. रोज एकदा आलास तर काही वाया जात नाही, दीड दिवस आला नाहीस तर जातं. बॅटल पासचंही, म्हणजे हंगामी बक्षिसांच्या पासचंही, तसंच, हंगाम संपायच्या आत टप्पे पूर्ण करायचे. या गेममध्ये सुंदर गोष्टी नाहीत असं मी म्हणत नाही, गेनशिनमधला लियुए प्रदेश मी तासन्‌तास नुसता हिंडून पाहिला आहे. पण असा गेम एका वेळी एकच. तुझ्या यादीत तीन आहेत: गेनशिन, बीजीएमआय आणि व्हॅलोरंटचा पास. तिघांची हजेरी लावून होईपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजतात, आणि थकलेल्या डोक्याने संभाषणं वाचत खेळायचा डिस्को एलिझियम उघडला तर तो कंटाळवाणा वाटणारच.

यातला व्हॅलोरंट मी तुला सोडायला सांगणार नाही. गाव सोडून शिकायला गेलेल्या पाच मित्रांची रोजची भेट त्या गेममध्ये होते हे तू सांगितलंस, आणि ती भेट जपण्यासारखी आहे. पास विकत घेऊ नकोस, म्हणजे हजेरीचा ताण जाईल आणि मित्र राहतील. मग लक्षात घे की व्हॅलोरंट तुझी बोटं घेतो. सेमिस्टरभर बोटांची जागा भरलेली आहे. त्याच्या शेजारी डोक्याचा एक गेम हवा, आणि तो डिस्को एलिझियम असावा असं मला वाटतं. त्यात चपळाईचं काही काम नाही. घड्याळ पुढे सरकतं ते बोलल्यावर आणि वाचल्यावर, नुसतं चालल्याने नाही. म्हणजे चाळीस मिनिटांत एक संभाषण नीट ऐकून उठलास तरी काही बिघडत नाही. नायकाला स्वतःचं नावसुद्धा आठवत नसतं, त्यामुळे तुझं विसरणंही तिथे खपून जातं.

नवीन घेण्याबद्दल थोडंसं. २०२४ साली स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात अठरा हजारांहून जास्त नवे गेम आले, आणि स्टीमनेच दिलेल्या त्या वर्षीच्या आढाव्यात मधला खेळाडू, म्हणजे ज्याच्याहून निम्मे जास्त आणि निम्मे कमी खेळतात तो, वर्षभरात चार गेम खेळला होता. चार! सगळे सगळं खेळत आहेत आणि मीच मागे पडलोय, असं जे तुला वाटतं त्याला आधार नाही. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, ती सोय संकोच न करता वापर. फक्त हळू उघडणाऱ्या गेमना हा नियम न्याय देत नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’चे सुरुवातीचे दोनेक तास बर्फातच जातात, खरा गेम त्यानंतर. अशा गेमसाठी आधी कोणाकडे तरी बसून बघावं.

परीक्षेच्या महिन्यात मोठं काहीच उघडू नकोस. फार वाटलं तर ‘राजी’ खेळ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला, पाच-सहा तासांत संपणारा. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात, मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून येतात. लढाई थोडी ओबडधोबड आहे, पण वास्तू आणि रंग पाहून मला अभिमान वाटला होता. आणि दोन-तीन बैठकांत एक गोष्ट शेवटपर्यंत गेलेली बघणं तुला आत्ता गरजेचं आहे.

विचर अनइन्स्टॉल करायला हरकत नाही, सेव्ह क्लाउडवर आहे ना तेवढं आधी बघून घे. गेनशिन आणि बीजीएमआयपैकी कोणता ठेवायचा ते तू ठरव, मी त्यात पडत नाही. हॉलो नाइटमध्ये शेवटी कोणत्या बाकावर बसला होतास ते मात्र कळव, तिथून पुढे कोणत्या खुणा आधी लावायच्या ते लिहून पाठवते.

तुझी,
ताई